बावखळाकाठचा वर्ग

वसईच्या पश्चिम पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, तेही जमिनीखाली. पाऊस रेताड मातीतून झिरपत खाली उतरतो. तिथे समुद्राकडून आत शिरलेलं खारं पाणी आधीच असतं. गोडं हलकं, खारं जड. त्यामुळे दुधावर साय धरावी तसा गोड्याचा थर वर राहतो. या थराचा एक हिशेब आहे. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं असेल, तर त्याच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फुटाने कायमची उतरवली, की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढायला लागतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने ओळखलं जाणारं हे समीकरण भूजलाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतं.

मला ते एका सिस्टरने समजावून सांगितलं. रविवारची मिस्सा संपली होती आणि देवळामागच्या खोलीत श्रद्धाशिक्षणाचा वर्ग भरला होता. मुलं दहा-बारा वर्षांची. टेबलावर काचेची बरणी, बरणीत कपड्यांची नीळ घातलेलं मिठाचं पाणी. सिस्टरने चमचा उलटा धरला आणि त्यावरून साधं पाणी थेंबाथेंबाने सोडलं. खाली निळं, वर पांढरं, असे दोन थर दिसायला लागले. मग तिने एका मुलाच्या हाती स्ट्रॉ दिला आणि वरचं पाणी ओढायला सांगितलं. त्याने जोर लावून ओढलं, निळं ढवळून वर आलं, आणि मुलाने तोंड वाकडं केलं. वर्ग हसला. सिस्टर म्हणाली, हा स्ट्रॉ म्हणजे तुमच्या वाडीतला पंप.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘श्रद्धा आणि सृष्टी’ हा विषय दिला, तेव्हा चर्चमधल्या पर्यावरण-शिक्षणाकडे पाहावं असं मी ठरवलं. त्यासाठी वसई निवडली. इथे पर्यावरणाची भाषा रोमहून आलेली नाही. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं पत्र येण्याच्या पंचवीस वर्षं आधी इथले लोक याच प्रश्नासाठी रस्त्यावर उतरले होते.

वाडीतलं पाणी

वर्ग संपल्यावर सिस्टर मुलांना जवळच्या बावखळाकडे घेऊन गेली. वसईबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, की बावखळ म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं. ते पावसाळ्यात भरतं, आजूबाजूच्या जमिनीत मुरतं आणि पाऊस संपल्यावर त्याच पाण्यावर बागायत होते. विहिरीवर रहाट, वाडीत बावखळ, दोघांच्या मध्ये केळी, पानवेली, मोगरा, भाजी, अशी ही घडी होती. वसईची राजेळी केळी आणि ती सुकवून केलेली सुकेळी मुंबईच्या बाजारात नावाने ओळखली जायची. पहाटेच्या गाडीने भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन निघणाऱ्या वसईकर बायका लोकलने कित्येक वर्षं पाहिल्या आहेत.

बावखळ कोणी बांधून दिलेलं सार्वजनिक काम नव्हे. ते बहुतेक एखाद्या कुटुंबाचं असतं, किंवा चार-दोन भावंडांचं सामाईक. हीच त्याची ताकद होती आणि हाच कमकुवतपणाही ठरला. वाडी पिकत होती तोवर गाळ काढायला सगळे उतरायचे. पुढे शेती परवडेना. एक भाऊ आखातात गेला, दुसरा बँकेत लागला, आणि बावखळ ही निव्वळ डासांची जागा झाली. भरावाचा डंपर बोलावला की खड्ड्याचा प्लॉट होतो. मुलांमधल्या एकीने सहज सांगून टाकलं, की आजोबांच्या बावखळावर आता बिल्डिंग आहे आणि ती तिथेच राहते. तिच्या आवाजात ना अभिमान होता, ना खेद. सिस्टरनेही त्यावर उपदेश केला नाही. पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी येतं का, एवढंच विचारलं. येतं, असं उत्तर मिळालं.

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेलं, लोकल ठप्प झाल्या, मिठागरात शेकडो माणसं अडकली. तेव्हा टीव्हीवर नाल्यांच्या सफाईची चर्चा रंगली होती. मुरायला जागा ठेवली नाही की पाणी घरात येतं, हे मात्र त्या वर्गातल्या पोरांना बरणीशिवायही ठाऊक होतं.

टँकर कोणाचा, विहीर कोणाची

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरितपट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला. इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांना पाणी नव्हतं. ते वाड्यांतल्या विहिरींतून यायला लागलं. टँकर विहिरीला लागायचा, पंप रात्रंदिवस चालायचा, आणि शेजारच्या विहिरीचं पाणी चवीला बदलायचं. केळ खारटपणा सोसत नाही. पानवेल त्याहून नाजूक.

यातूनच हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, पुढे ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि उस्मानाबादला २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा मृत्युलेखांत लेखक दिब्रिटो बरेच आले आणि मोर्चातले दिब्रिटो थोडे कमी. समितीत हिंदू होते, ख्रिस्ती होते, समाजवादी विचाराचे शिक्षक होते. झेंडा धर्माचा नव्हता. दिब्रिटोंना धमक्या आल्या. धर्मगुरूने आल्तार सोडून रस्त्यावर का यावं, हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारलाच, आतल्यांनीही विचारला.

मला या आंदोलनातली सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच वाटते. बिल्डर बाहेरचा असला तरी जमीन विकणारा आणि पाणी विकणारा बहुधा इथलाच होता. त्यांतले काही दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारे. शेतात वर्षभर राबून जे मिळत नव्हतं ते विहिरीला नळी लावून मिळत होतं. त्याला पापी ठरवणं सोपं होतं, पण त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं आणि भाव पडलेल्या केळीवर ते होणार नव्हतं. प्रवचनात पाणीउपशावर बोलणाऱ्या फादरांना मिस्सानंतर अंगणात याच माणसाला सामोरं जावं लागायचं. पर्यावरण-शिक्षण या भारदस्त शब्दामागे वसईत असा एक अवघडलेला नमस्कार आहे. बाकी सगळं त्यानंतर येतं.

त्या पिढीतल्या एका आजींना मी विचारलं, की पाण्याचं हे गणित त्यांना कोणी शिकवलं. त्यांच्या म्हणण्यानुसार कोणीच नाही. मोर्च्याला जायचं म्हणून गावोगाव बैठका झाल्या आणि बैठकीत कोणाची विहीर कधीपासून मचूळ झाली याची यादी निघाली. यादी ऐकता ऐकता सगळ्यांना नकाशा दिसला. आज एखादी संस्था याला लोकसहभागातून भूजल सर्वेक्षण म्हणेल आणि त्यावर अहवाल छापेल.

रोमचं पत्र आणि एक जुना आरोप

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ मध्ये आलं. त्यात सहा प्रकरणं आहेत, आणि शेवटचं प्रकरण शिक्षण आणि अध्यात्म यांवर आहे. पोपमहाशय तिथे अगदी घरगुती पातळीवर उतरतात. प्लास्टिक टाळा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, खाल तेवढंच शिजवा, झाडं लावा, दिवे विझवा. मात्र त्याआधीची प्रकरणं वाचली नाहीत तर हे सगळं गृहशोभेच्या सदरासारखं वाटेल. त्यांचा मुख्य मुद्दा कठोर आहे. पृथ्वीचं दुखणं आणि गरिबाचं दुखणं एकच आहे, वेगवेगळ्या खात्यांत टाकता येणार नाही.

या पत्राला मागचा एक संदर्भ आहे. मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक निबंध लिहिला. पर्यावरणाच्या संकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, कारण त्याने माणसाला निसर्गाचा धनी करून ठेवलं, असा त्यांचा आरोप होता. चर्चने त्यावर बराच काळ बचाव केला. पण त्याच निबंधाच्या शेवटी व्हाइट यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता माना असं सुचवलं होतं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमकं तेच केलं. टीकाकाराची सूचना अशी अधिकृतपणे मान्य झाल्याची उदाहरणं धर्माच्या इतिहासात फारशी नसावीत.

१ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस मूळचा ऑर्थोडॉक्स चर्चचा, कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी १९८९ मध्ये ठरवलेला. कॅथलिकांनी तो २०१५ मध्ये स्वीकारला. तिथून ४ ऑक्टोबरच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचा काळ आता अनेक चर्चमध्ये सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. मी पाहिलेला बरणीचा प्रयोग याच दिवसांतला. मुंबई धर्मप्रांतात पर्यावरणासाठी स्वतंत्र कार्यालय आहे आणि बिशप ऑल्विन डिसिल्वा यांनी हे काम बरीच वर्षं लावून धरलं. तिथून साहित्य येतं, प्रार्थना येतात, पोस्टर येतात. पोस्टरवर बहुतेक वेळा पृथ्वीचा निळा गोळा आणि त्याला धरलेले दोन हात असतात. त्या हातांत एकदा तरी टँकरचा पाइप काढावा असं माझ्या मनात येऊन गेलं.

पेटी नको, चादर हवी

सगळ्यांत ठोस बदल मला सापडला तो दफनभूमीत. मुंबई-वसईत कबरींना जागा नाही. तीच कबर काही काळाने पुन्हा उघडावी लागते, अस्थी काढून ठेवाव्या लागतात आणि दुसऱ्याला जागा द्यावी लागते. पण कबर उघडली की अनेकदा अडचण व्हायची. पॉलिश केलेली लाकडी पेटी, आत सिंथेटिक अस्तर, अंगावर पॉलिस्टरचा सूट किंवा नायलॉनची साडी, यामुळे देह मातीत मिसळलेला नसायचा. खड्डा खोदणाऱ्या माणसाला जे पाहावं लागायचं त्याची चर्चा मेजवानीत होत नाही.

वसईतल्या काही धर्मग्रामांनी गेल्या काही वर्षांत पेटीशिवाय दफन सुरू केलं. सुती चादरीत देह गुंडाळायचा, दफनभूमीपर्यंत नेण्यासाठी सामाईक पेटी वापरायची आणि मातीत मात्र चादरच उतरवायची. लाकूड वाचतं, खर्च वाचतो, कबर वेळेवर मोकळी होते. विरोधही झालाच. बापाला पेटीसुद्धा दिली नाही, असं लोक म्हणतील ही भीती होती. गरिबीचा शिक्का नको होता. मन वळवताना, मला सांगितलं गेलं तसं, लाकूडतोडीचा युक्तिवाद फारसा चालला नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना माणूस माती आहे याची जी आठवण करून देतात, ती चालली. शिवाय येशूलाही तागाच्या वस्त्रातच गुंडाळलं होतं. एवढं सांगितल्यावर घरातली वडीलधारी गप्प झाली.

इथे मला एक गोष्ट ध्यानात आली. चर्चकडे शिकवण्याची जी साधनं आहेत ती शाळेकडे नाहीत. तिच्याकडे वर्षाचं चक्र आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या पुढच्या वर्षी जाळून तीच राख कपाळाला लागते. नाताळचा गोठा आहे, जो थर्माकोलचाही होतो आणि भाताच्या पेंढ्याचाही. सणाचं जेवण आहे. २०१८ च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीनंतर थर्माकोलच्या ताटल्या कायद्याने गेल्या, पण अनेक ठिकाणी त्यांच्या जागी चकचकीत कागदाच्या आल्या आणि कचरा तेवढाच राहिला. एका धर्मग्रामात महिला मंडळाने स्टीलची ताटं विकत घेऊन ठेवली आहेत, ती लग्नाबारशाला नाममात्र भाड्याने मिळतात. धुणार कोण यावरून पहिल्या वर्षी भांडण झालं. आता धुणाऱ्यांचे पैसे भाड्यातच धरले आहेत आणि भांडण मिटलं आहे. मला या ताटांबद्दल पोस्टरपेक्षा जास्त आदर वाटतो.

कणसं आणि विहिरी

मुंबईतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करायच्या. गोव्यात हेच कोणसाचें फेस्त, रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला. गोव्यात निदान राय गावाभोवती शेत दिसतं. मुंबईच्या गावठाणांत लोंब्या दुसरीकडून आणाव्या लागतात. लग्नाआधीच्या ‘उंबराचं पाणी’ या विधीसाठी विहीर लागते, आणि मलेरियाच्या मोहिमांपासून बिल्डरांपर्यंत अनेकांनी गावठाणातल्या विहिरी बंद केल्या. वाजतगाजत निघायचं आणि झाकण लावलेल्या विहिरीच्या बाजूच्या नळावर कळशी भरायची, अशी वेळ येते. काही ठिकाणी तरुणांनी विहीर उपसून साफ केली, कारण लग्न होतं. पाणीटंचाईवरच्या व्याख्यानाने हे घडलं नसतं.

बाखर बाबांची अट

ख्रिस्ती माणसाने पाण्याबद्दल शिकवलं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र चर्चच्या आवारात घडलेलं नाही. ते नगर जिल्ह्यातल्या माळरानांवर आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत आयुष्य घालवलं. १९८९ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत ‘वॉटर’ ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांची नावं पाणलोटाच्या कामात आजही घेतली जातात.

त्यांची पद्धत मला इथे महत्त्वाची वाटते. पैसा आधी नाही. गावाने आधी ग्रामसभेत ठरवायचं, की कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. मग छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं. ते जमलं तरच पुढचा पूर्ण पाणलोट मंजूर. काम माथ्यापासून पायथ्याकडे. म्हणजे आधी डोंगरावरचे चर आणि मग ओढ्यातला बंधारा, जरी मतं आणि फोटो बंधाऱ्यालाच मिळत असले तरी. चराईबंदीचा त्रास कोणाला, तर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याला, म्हणजे बहुधा गावातल्या सर्वांत गरिबाला. ते भांडण गावातच सोडवायचं, बाहेरच्या साहेबाने नाही. यात बायबलचं एक वचन नव्हतं. गावं बहुसंख्य हिंदू होती आणि लोक बाबा म्हणायचे. पण गावाने स्वतःला एक ‘नाही’ म्हणायचं, हा आरंभ तिथेही होता. बाखर २०२१ मध्ये गेले, त्यांच्या मायदेशी.

सूर्येचं पाणी

चर्चमधल्या आजच्या उपक्रमांत झाडं लावणं सर्वांत लोकप्रिय आहे. कोणाचंच काही बिघडत नाही, फोटो चांगला येतो आणि रोपं नर्सरीतून फुकट मिळतात. एप्रिलमध्ये कोण पाणी घालणार हा प्रश्न जूनमध्ये विचारला जात नाही. काही ठिकाणी पहिल्या प्रसादविधीच्या मुलांना एकेक रोप देऊन दोन वर्षांनी दृढीकरणाच्या वेळी त्याची हजेरी घेण्याची युक्ती केली आहे. ती मला आवडली, कारण पाण्याचा हिशेब ठेवणारं कोणीतरी निघतं.

पण वसईत टँकरचा धंदा ज्या पाण्याने थोडा ओसरला, ते सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं कुठून, हे शिकवणारा धडा मला कुठे दिसला नाही. सूर्या धरण पालघरच्या आदिवासी भागात आहे आणि ते मुळात सिंचनासाठी होतं. त्याचं पाणी शहरांकडे वळलं म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलनं केली. वसईची विहीर वाचली, पण कोणाच्या तरी कालव्याच्या किमतीवर. पृथ्वीचं आणि गरिबाचं दुखणं एकच, हे पत्रातलं सूत्र वसईपुरतं मांडायचं तर हा विषय टाळता येणार नाही. एका फादरांशी यावर बोललो. त्यांना पटलं. प्रवचनात कसं घ्यायचं ते बघतो, असं म्हणाले. आणि लगेच पुढचं बोलले, की सध्या माझ्या डोक्याला अंगणाचं लागलंय.

अंगणाचं म्हणजे पेव्हर ब्लॉकचं. चर्चसमोरचं अंगण मातीचं आहे. पावसाळ्यात चिखल होतो, वृद्ध घसरतात, लग्नाला आलेल्यांच्या गाड्या रुततात. धर्मग्राम मंडळात ठराव आला, की संपूर्ण अंगणाला पेव्हर ब्लॉक लावायचे. एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ मोठी देणगी देऊ केली आहे, फक्त पाटी लावायची. विरोधाला उभी राहिली ती श्रद्धाशिक्षणाची सिस्टर आणि दोन-तीन तरुण. त्यांचं म्हणणं एवढंच, की मागच्या बावखळाला याच अंगणातून पाणी मिळतं. अंगण बंद केलं तर पोरांना बरणीतला प्रयोग कोणत्या तोंडाने दाखवायचा?

सभा तापली. एकाने आजीबाईंच्या मोडलेल्या हाडाची जबाबदारी कोण घेणार असं विचारलं, आणि तो मुद्दा खोटा नव्हता. दुसऱ्याने देणगीदाराला दुखवायचं का असं विचारलं, तोही खोटा नव्हता. शेवटी तडजोड अशी निघाली, की फाटकापासून देवळाच्या दारापर्यंतच्या वाटेवर आणि उतारावर ब्लॉक लावायचे, गाड्यांच्या जागेत गवत उगवू देणारे जाळीचे ठोकळे घालायचे, आणि छताचं पाणी पन्हळीतून थेट बावखळात सोडायचं. जाळीचे ठोकळे महाग पडतात असं खजिनदारांचं मत आहे. दोन ठेकेदारांकडून दर मागवले आहेत. देणगी देणाऱ्या कुटुंबाला पन्हळीवर आईचं नाव चालेल का, हे विचारायची जबाबदारी फादरांवर टाकली आहे, आणि ते पुढच्या रविवारी मिस्सानंतर विचारणार आहेत.